रघुनाथ धोंडो कर्वे : संततिनियमन आणि स्त्रीचा निर्णय

‘कर्वे’ हे आडनाव उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिंगण्याचा आश्रम, विधवांचे शिक्षण आणि महिला विद्यापीठ उभे राहते. ते स्वाभाविकच आहे. या घटकात मात्र आपण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या थोरल्या मुलाचा परिचय करून घेणार आहोत. वडिलांना महाराष्ट्राने आधी वाळीत टाकले आणि पुढे महर्षी म्हटले. मुलाच्या बाबतीत पहिली गोष्ट घडली; दुसरी घडली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी विचारलेला प्रश्न वडिलांच्या प्रश्नापेक्षा अधिक अवघड होता, हे त्याचे एक कारण असावे. स्त्रीला शिकू द्यावे की नाही, तिने पुन्हा विवाह करावा की नाही, हे प्रश्न घराच्या ओटीवर बसून चर्चिता येत होते. मूल हवे की नको, हवे तर केव्हा आणि किती, हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न थेट माजघरात शिरणारा होता.

रघुनाथांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरुड या गावी झाला. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने हे वर्ष ध्यानात ठेवावे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ याच वर्षी पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली होती. त्या खटल्यावरून वृत्तपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला दूषणे देण्यास आरंभ केला, आणि ताराबाईंनी त्याला उत्तर दिले. त्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. नको असलेले गर्भारपण ही एकोणिसाव्या शतकातली स्त्रीच्या जिवावर बेतणारी बाब होती, आणि तिची किंमत एकट्या स्त्रीला मोजावी लागे. भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमान्वये गर्भपात हा गुन्हा होता. तो घडवून आणणाऱ्याबरोबर ती स्त्रीही गुन्हेगार ठरे. अपवाद एकच : स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात.

१८९१ साली रघुनाथ नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर आले. या कायद्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते, ते टिळक-आगरकरांच्या संदर्भात तुमच्या वाचनात आलेच असेल. एका घरातला मृत्यू आणि एका कायद्यावरचा वाद यांची ही गाठ निव्वळ योगायोगाने पडलेली आहे. परंतु त्या काळी स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय शास्त्री, पुढारी, सरकार, नवरा आणि सासर यांच्यात वाटला गेला होता, हे या योगायोगामुळे एकदम दिसते. त्या वाटणीत तिचा स्वतःचा वाटा नव्हता.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडोपंतांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुडकरांनी कुटुंबाला बहिष्कृत केले. समाजाच्या रीतीविरुद्ध वागल्यावर काय सोसावे लागते, हे रघुनाथांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांचे शिक्षण पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. वडिलांप्रमाणे त्यांचाही विषय गणित. पुढे ते गणित शिकवू लागले, मध्यंतरी उच्च शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन आले. फ्रेंच भाषा आणि साहित्य यांचा त्यांना चांगला परिचय होता. त्यांच्या गद्यावर या दोन गोष्टींची छाप दिसते, असे मला वाटते : गणितज्ञाची पायरीपायरीने जाणारी मांडणी आणि देहाविषयी बोलताना न लाजण्याची फ्रेंच वाङ्मयातली सवय. त्यांच्या लेखनात अलंकार क्वचितच सापडतील. भावनेला आवाहन तर जवळजवळ नाहीच. गृहीतक मांडायचे, त्यावरून काय निष्पन्न होते ते दाखवायचे, विरोधकाचा आक्षेप घ्यायचा आणि तो तपासून बाजूला ठेवायचा, ही त्यांची रीत. काही वाचकांना ती कोरडी वाटते.

रघुनाथ आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याचे ठरवले आणि ते आयुष्यभर पाळले. आज हे वाक्य आपण सहज वाचून जातो. त्या काळी त्याचा अर्थ काय होता, हे पाहण्यासाठी भाषेकडे वळू. मराठीत मूल नसलेल्या स्त्रीसाठी ‘वांझ’ हा शब्द आहे. तो गाईसाठी, झाडासाठी आणि जमिनीसाठीही वापरतात. पुरुषासाठी मात्र ‘निपुत्रिक’ म्हणतात. या शब्दात त्याच्या देहाचा दोष सूचित होत नाही. पुत्र नसणे हे त्याचे दुर्दैव एवढेच त्यातून कळते. म्हणजे दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयाला समाजाकडे दोन नावे होती, आणि त्यांतले जड नाव मालतीबाईंच्या वाट्याचे होते. स्वतःच्या इच्छेने मूल न होऊ देणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत शब्दच नव्हता. अजूनही रुळलेला असा नाही.

१९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मार्चमध्ये मारी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असे पहिले केंद्र उघडले होते. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांचे केंद्र १९१६ मध्ये निघाले आणि थोड्याच दिवसांत पोलिसांनी ते बंद पाडले. म्हणजे या विषयात मुंबई जगाच्या मागे नव्हती. फरक असा की स्टोप्स आणि सँगर यांच्यामागे, विरोध कितीही असला, तरी वर्गणी देणारे लोक आणि संघटना होत्या. कर्व्यांच्या मागे त्यांचा पगार होता, आणि तोही फार काळ राहिला नाही. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक आले. त्या वेळी ते विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ही मिशनऱ्यांची संस्था. आपला प्राध्यापक अशा विषयावर जाहीरपणे लिहितो, हे व्यवस्थापनाला रुचले नाही. राजीनाम्याची मागणी झाली आणि १९२५ मध्ये कर्वे नोकरीतून मोकळे झाले. पुढे घरखर्चाचा भार बऱ्याच अंशी मालतीबाईंच्या कमाईवर पडला.

पुस्तकाच्या नावातल्या शब्दांचा क्रम पाहा. आधी आचार, मग विचार. साधन कसे वापरायचे हे सांगितल्यावाचून तत्त्वज्ञानाला अर्थ नाही, असा त्याचा रोख आहे.

आता आपल्या अभ्यासक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. मराठीत गर्भधारणेविषयी आपण कसे बोलतो? ‘तिला दिवस गेले.’ ‘तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले.’ या वाक्यांत ‘तिला’ हे चतुर्थीचे रूप आहे. व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता ‘दिवस’ आहे. ‘ती’ केवळ अनुभव घेणारी. ‘तिला ताप आला’, ‘तिला भूक लागली’ ही वाक्येही याच घडणीची आहेत. मनुष्य जे करीत नाही, ज्याचा त्याला अनुभव येतो, ते मराठी भाषा असे सांगते. चतुर्थी वापरली म्हणून भाषेने स्त्रीवर अन्याय केला, असा उथळ निष्कर्ष काढू नका. ‘त्याला मुलगा झाला’ असे आपण पुरुषाविषयीही म्हणतोच. मुद्दा असा की गर्भधारणा ही ताप, भूक आणि पाऊस यांच्या रांगेत बसवलेली गोष्ट होती. ती येते, कोणी आणत नाही. ‘देवाची देणगी’ म्हटले तरी रांग बदलत नाही.

कर्व्यांनी ही गोष्ट त्या रांगेतून उचलली आणि जिथे माणूस ठरवतो, करतो, टाळतो, त्या क्रियापदांच्या रांगेत नेऊन ठेवली. ‘नियमन’ या शब्दात ‘यम्’ हा धातू आहे : आवरणे, ताब्यात ठेवणे. ताब्यात ठेवायचे म्हटले की ठेवणारा कोण, हा प्रश्न येतोच. कर्व्यांचे उत्तर स्पष्ट होते. गर्भारपणाचा आणि बाळंतपणाचा सारा शारीरिक भार जिच्यावर पडतो, तिच्या इच्छेविरुद्ध मूल होता कामा नये. नवऱ्याची संमती, सासूची इच्छा, वंशाला दिवा हवा ही अपेक्षा, या सर्व गोष्टी त्यानंतरच्या. लोकसंख्या आणि दारिद्र्य यांविषयीचे युक्तिवाद त्यांनीही केले, कारण त्या काळच्या सर्वच पुरस्कर्त्यांप्रमाणे तेही माल्थसच्या परंपरेतून आले होते. पण स्त्रीची इच्छा हा मुद्दा त्यांनी लोकसंख्येच्या मुद्द्याला जोडपत्र म्हणून लावला नाही. तो स्वतंत्रपणे उभा केला.

दुसरी अडचण शब्दसंग्रहाची होती. देहाच्या खाजगी अवयवांसाठी मराठीत एकीकडे वैद्यकातले संस्कृत शब्द आणि दुसरीकडे शिव्यांतले शब्द. मधली, साधी, भल्या माणसाने भल्या माणसाशी बोलायची भाषा जवळजवळ नव्हती. जिला शब्द नाही, तिने डॉक्टरला काय सांगायचे? पुष्कळ आजार स्त्रियांनी अंगावर काढले, त्यामागे लाज होती तितकीच ही शब्दांची वाणही होती. कर्व्यांनी संस्कृत संज्ञा घेतल्या आणि त्या सरळ, घरगुती वाक्यांत बसवल्या. शास्त्रीय मराठी गद्याच्या इतिहासात या कामाची नोंद अभावानेच होते. ती व्हायला हवी.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. सव्वीस वर्षे. लेखन, संपादन, छपाईची व्यवस्था, वर्गणी गोळा करणे, बहुतेक सर्व एकहाती. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. देह ही लपवण्याची वस्तू नाही, असे त्यातून त्यांना सुचवायचे होते. कित्येक वाचकांनी त्यातून वेगळेच घेतले असणार. मासिकाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे. जे प्रश्न वाचकांना घरात, शाळेत किंवा वैद्यापुढे विचारता येत नव्हते, ते तिथे छापले जात आणि त्यांना नीतीचा उपदेश न करता उत्तर मिळे. स्त्रीला पुरुषाइतकीच कामेच्छा असते आणि कामसुखावर तिचा तितकाच हक्क आहे, हा विचार या मासिकाने वारंवार मांडला. संततिनियमनापेक्षाही लोकांना हे अधिक झोंबले.

खटले झाले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये मासिकाच्या गुजराती अंकातल्या प्रश्नोत्तरांवरून पुन्हा आरोप ठेवला गेला. या वेळी त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही. लोक अज्ञानातून प्रश्न विचारतात आणि जाणकाराने त्यांची उत्तरे दिली पाहिजेत, असा बचावाचा आशय होता. खटला हरला. दंड दोनशे रुपये. बाबासाहेबांसारख्या ख्यातनाम बॅरिस्टरने हा खटला घ्यावा, याचे काहींना नवल वाटते. त्यांना एका पुढच्या घटनेची आठवण करून द्यावी लागेल. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यावरचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५२ मते पडली. सत्तेवर काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते.

गांधीजींचा कृत्रिम साधनांना असलेला विरोध सर्वज्ञात आहे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला भेटल्या, तेव्हाही तो निवळला नाही. इथे थोडे थांबून विचार करा, कारण या वादाची मांडणी बहुधा ढोबळपणे केली जाते. गांधीजी स्त्रीला दुबळी समजत होते, असे नाही. पत्नीने पतीला नकार द्यायला शिकले पाहिजे, हे ते आग्रहाने सांगत. त्या काळात तेही धाडसाचे होते. म्हणजे स्त्रीच्या नकाराचा हक्क दोघांनाही मान्य होता. कर्व्यांचे म्हणणे असे की नकाराचा हक्क पुरेसा नाही. जिला होकार द्यायचा आहे, पण मूल नको आहे, तिचे काय? संयमाचा उपाय तिच्यापुढे दोनच वाटा ठेवतो : इच्छा मारणे किंवा गर्भ वाढवणे. शिवाय संयम पाळायचा की नाही हे व्यवहारात नवराच ठरवतो. साधन स्त्रीच्या हाती असेल तर निर्णयही तिच्या हाती राहतो. माझ्या मते कर्व्यांच्या साऱ्या लेखनाचा कणा हा आहे, आणि त्या वादात त्यांची बाजू अधिक भक्कम होती.

त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मासिक मुख्यतः शिकलेल्या, शहरी वाचकांपर्यंत पोहोचले. गिरणीत काम करणाऱ्या किंवा शेतावर राबणाऱ्या बाईपर्यंत ते जाणे कठीण होते; तिला वाचता येत नव्हते आणि साधन विकत घेणे परवडत नव्हते. ज्ञान मिळाले की माणूस विवेकाने वागेल, हा त्यांचा विश्वास थोडा भाबडा होता. आणि आणखी एक. स्त्रीच्या निर्णयाविषयी सव्वीस वर्षे चाललेल्या या खटाटोपात आपल्याला सतत ऐकू येतो तो एका पुरुषाचा आवाज. मालतीबाईंविषयी आपण जे बोलतो, ते बहुतांशी कर्व्यांच्या चरित्राच्या आधाराने बोलतो. ‘ध्यासपर्व’ हा अमोल पालेकर यांचा चित्रपट पाहाल, तेव्हा त्यांच्या पात्राकडे अवश्य लक्ष द्या.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. आदल्याच वर्षी भारत सरकारने पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम घेतला होता. असा अधिकृत कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. आयुष्यभर ज्याबद्दल दंड भरला, ते सरकारी धोरण झाले, असे म्हणून चरित्रकार इथे सुखान्त साधू शकतो. पण शब्द बदलला होता, तो पाहा. ‘संततिनियमना’च्या जागी ‘कुटुंबनियोजन’ आले. नियोजन हे योजना आयोगाच्या भाषेतले. आणि ‘कुटुंब’? कर्व्यांच्या पिढीतला गृहस्थ ‘आमचे कुटुंब’ म्हणत असे तेव्हा त्याला पत्नी अभिप्रेत असे. त्या जुन्या अर्थाने पाहिले, तर योजना करणारा दुसराच कोणी आणि जिची योजना व्हायची ती पत्नी, असे चित्र उभे राहते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा विनोद झाला, मला मान्य आहे. मात्र पुढच्या काळात आकड्यांची उद्दिष्टे ठरली, शिबिरे भरली, आणीबाणीत सक्ती झाली, आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या कामाचा आरंभ व्यक्तीच्या इच्छेतून झाला, त्यात व्यक्तीची इच्छा हाच अडथळा ठरू लागला.

कर्व्यांच्या वाटेने चालणारेही होते. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी पुण्यात संततिनियमनाचे काम अनेक वर्षे केले, स्त्रियांशी समोरासमोर बोलून केले, आणि पुढे विधान परिषदेत व राज्यसभेतही हा विषय नेला. धोंडो केशव कर्वे मुलाच्या पश्चात नऊ वर्षे जगले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी एक छोटे काम करा. आपल्या घरातील किंवा शेजारच्या दोन वडीलधाऱ्या स्त्रियांशी, त्यांची इच्छा असेल तरच, त्यांच्या बाळंतपणांविषयी आणि ‘ऑपरेशन’विषयी बोला. त्या ‘ऑपरेशन झालं’ म्हणतात, ‘करून घेतलं’ म्हणतात, की ‘करायला लावलं’? कोणते क्रियापद येते आणि त्या वाक्याचा कर्ता कोण आहे, एवढेच टिपून ठेवा. नावे लिहू नका.